नास्तिकाने माथा कुठे टेकावा?

देव न मानणाऱ्याने माथा कुठे टेकावा, हा प्रश्न पॅरिसच्या पँथिऑनची हकिगत वाचताना मला पडला. पंधराव्या लुईने ही वास्तू संत जेनेव्हिव्हचे चर्च म्हणून बांधायला घेतली. क्रांतीनंतर, १७९१ साली, ती थोर पुरुषांचे समाधिस्थळ झाली. व्हॉल्टेअरच्या अस्थी तिथे वाजतगाजत आल्या. पुढे राजवट बदलली, की ती कधी चर्च होई, कधी समाधिस्थळ. देव मानूनही चर्चची प्रार्थना नाकारणाऱ्या व्हिक्टर ह्यूगोसाठी १८८५ साली ती कायमची समाधिस्थळ झाली. धर्मापासून दूर राहिलेल्या मारी क्यूरींच्या अस्थीही १९९५ साली तिथे आल्या. घुमटावरचा क्रॉस मात्र आजही आहे. मला वाटते, श्रद्धा सुटली तरी कृतज्ञता सुटत नाही. तिलाही एखादा उंबरठा लागतो.