धूळपाटीवरचे अंक

पंतोजींच्या शाळेत अंकओळख धूळपाटीवर होई. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, काडीने अंक काढायचा, चुकला की हात फिरवायचा. खाडाखोडीचा डाग राहत नसे, हा तिचा मोठाच गुण. देवनागरी ३ आणि ६ म्हणजे आरशातली जोडी. मुले अडखळतात ती तिथेच. इटलीत माँटेसरीबाईंनी पॉलिश पेपरचे अंक बोटाने गिरवायला दिले, तत्त्व धूळपाटीचेच. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. माँटेसरींच्या महागड्या साधनांऐवजी तिथे बिया, शिंपले, खडे आले. १९७५ मध्ये अंगणवाडी योजना आली आणि टप्प्याटप्प्याने दौंड तालुक्यातल्या वरवंडसारख्या गावांपर्यंत पोचली. ५च्या कार्डाशेजारी पाच चिंचोके मांडायला मात्र कोणतीच योजना लागत नाही.