निहालीतलं ‘दे’

जळगाव जामोदच्या बाजारात एक म्हातारा आपल्या नातवाला काहीतरी म्हणाला. पोरगं खारेमुरे विकणाऱ्याच्या गाडीशी रेंगाळलं होतं. आवाजाच्या चढावरून एवढं कळलं की आज्ञा होती. ‘चल’ असेल, ‘ये’ असेल, ‘सोड ते’ असेल. शब्द मात्र मराठी नव्हता, हिंदी नव्हता, आमच्या घरातली दखनीही नव्हती. कोरकू माझ्या कानावरून गेलेली आहे, तीही वाटली नाही. मी विचारलं, “बाबा, काय म्हटलं तुम्ही त्याला?” म्हातारा स्वच्छ वऱ्हाडीत म्हणाला, “काही नाही जी, घरी चाल म्हटलं.” आणि पोराचा हात धरून निघून गेला.

ती निहाली होती. बुलढाणा जिल्ह्यात राहून ही गोष्ट मला वयाच्या चाळिशीनंतर कळली, याची थोडी लाज वाटते. सातपुड्याच्या पायथ्याशी जामोद, सोनबर्डी, कुवरदेव, चालठाणा या गावांत आणि डोंगराच्या पलीकडे बुऱ्हाणपूर-निमाडकडे ही भाषा बोलणारे लोक आहेत. संख्या दोन-अडीच हजारांच्या घरात सांगतात. जनगणनेत दहा हजारांहून कमी बोलणाऱ्यांच्या भाषा स्वतंत्र दाखवत नाहीत, त्यामुळे तिथे निहाली सापडत नाही. महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीतही निहाल हे कोरकूंच्याच नोंदीत, त्यांच्या मागे उभे आहेत. भाषाशास्त्राचं मत मात्र निराळं आहे. जगातल्या कुठल्याच ज्ञात भाषाकुळात नक्की न बसणारी ही एकाकी भाषा आहे. मराठी, हिंदी, उर्दू एका घराण्यातल्या. तेलुगू, गोंडी दुसऱ्या. कोरकू ही मुंडा घराण्यातली, म्हणजे थेट झारखंडच्या संथाळीची नातलग. निहालीला असं सांगण्यासारखं गणगोत नाही.

हे ठरायला बराच काळ गेला. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाचा चौथा खंड १९०६ साली निघाला. तो स्टेन कोनो या नॉर्वेजियन पंडिताने तयार केला होता. त्याने निहाली कोरकूच्या शेजारी बसवली. मूळची मुंडा भाषा, तिच्यावर आधी द्राविडी आणि मग आर्य भाषांचा थर चढला, असं त्याचं म्हणणं. या सर्वेक्षणाची पद्धत मला गमतीची वाटते. प्रत्येक भाषेचा नमुना म्हणून बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट भाषांतर करून मागवली जाई. कारण साधं होतं: त्या एका गोष्टीत तिन्ही पुरुषांची सर्वनामं, बहुतेक विभक्ती आणि तिन्ही काळ येतात. पण वाचून पाहा, ती गोष्ट आज्ञांनीच भरलेली आहे. धाकटा मुलगा बापाला म्हणतो, माझा वाटा दे. परत निघण्याआधी मनाशी ठरवतो, बापाला म्हणेन, मला मजुरासारखं ठेव. बाप नोकरांना म्हणतो, झगा आणा, अंगठी घाला, वासरू कापा. सरकारी दप्तरासाठी शेकडो बोलींनी अशी ‘दे’ आणि ‘आणा’ म्हणून हजेरी लावली.

पुढे १९५७ मध्ये सुधिभूषण भट्टाचार्य यांनी निहालीच्या क्षेत्रनोंदी छापल्या. त्यांच्या आधारे १९६२ साली कायपर या डच अभ्यासकाने पुस्तक लिहिलं आणि चित्र बदललं. त्याने सुमारे ५०० शब्द घेऊन एकेकाचं मूळ शोधलं. सर्वांत मोठा वाटा कोरकूकडून आलेला. काही द्राविडी, दोन, तीन, चार हे आकडे ‘इरार’, ‘मोथो’, ‘नालो’ असे, तेलुगू-तमिळ जाणणाऱ्याला लगेच ओळखीचे वाटतील. पण जवळपास चौथा हिस्सा असा उरला की ज्याचं मूळ कुठेच लागेना. आणि हा उरलेला हिस्सा अगदी घरगुती आहे. पाणी ‘जोप्पो’. विस्तव ‘आपो’. डोळा ‘जिकिट’. एक म्हणजे ‘बिडुम’. खाण्याचा धातू ‘टे’, पिण्याचा ‘देलेन’, जाण्याचा ‘एर’, देण्याचा ‘बे’. शेजारच्या कोरकूत पाण्याला ‘दा’ म्हणतात आणि खाण्याला ‘जोम’. संथाळीपर्यंत तेच चालतं. निहालांनी कोरकूंकडून निम्मा संसार उसना घेतला, पण जेवण्याचं आणि पाण्याचं नाव दिलं नाही.

मला इथे थांबावंसं वाटतं. आज्ञा कोण कुणाच्या भाषेत देतं, यावर बरंच ठरतं. निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतांवर राबले. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात त्यांचं वर्णन कोरकूंचे गडी असंच येतं. बिब्ब्याचं तेल काढणारे म्हणूनही येतं. म्हणजे ‘आण’, ‘उचल’, ‘नांगर धर’ या आज्ञा त्यांनी कोरकूत ऐकल्या. फॉरेस्टवाल्याच्या हिंदीत ऐकल्या, दुकानदाराच्या वऱ्हाडीत ऐकल्या, माझ्या बापजाद्यांच्या दखनीतही ऐकल्या असतील. आम्ही त्यांची एकही आज्ञा शिकलो नाही, कारण त्यांनी आम्हाला आज्ञा देण्याचा प्रसंगच कधी आला नाही. त्यांच्या स्वतःच्या भाषेतली आज्ञा फक्त आई मुलाला देते. खा. पी. जा. दे. ती टिकली असेल तर म्हणूनच टिकली असेल. हा माझा अंदाज आहे, भाषाशास्त्र नव्हे.

त्याच ग्रंथात एक ओळ आहे, ती वाचून मी पुस्तक मिटलं होतं. निमाडातल्या जीतगढ-मोहकोटच्या राजाच्या वंशावळीत असं लिहिलेलं की त्याच्या पूर्वजाने अकबराच्या काळात निहालांच्या एका अख्ख्या जमातीची दग्याने कत्तल केली आणि त्याबद्दल घराण्याला जीतगढ परगणा मिळाला. वंशावळीतली बढाई आहे, ती जशीच्या तशी इतिहास म्हणून घेता येत नाही. नॉर्मन झाइड हा अमेरिकी भाषाशास्त्रज्ञ अशीच कत्तल एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाल्याचं सांगतो. काळात दोनशे वर्षांचं अंतर आहे. पण बढाई मारायला राजाला हीच गोष्ट सुचली, हे तरी खरं आहे. जुन्या कागदांत ‘नाहल, भिल्ल, कोळी’ असं एका दमात येतं आणि त्याचा अर्थ लुटारू असा असतो.

इथूनच दुसरी गोष्ट निघाली. निहाली ही चोरांची सांकेतिक भाषा असावी, असा तर्क कायपरनेही करून ठेवला. झाइड म्हणतो की हे लोक आपली भाषा परक्याला सहसा दाखवत नसत आणि शिकायला आलेल्यांना मुद्दाम चुकवत. चुकवत असतील. ज्यांना वंशावळीत शोभा म्हणून मारलं गेलं, त्यांनी अनोळखी माणसाला पाण्याचा खरा शब्द का सांगावा? गुप्त भाषा काय त्यांनीच ठेवली? महानुभावांनी आपले ग्रंथ शतकानुशतके सकळ लिपीत कुलुपबंद ठेवले, आपण त्याला पंथाची जपणूक म्हणतो. व्यापारी-दलाल गिऱ्हाइकासमोर नंदभाषेत भाव ठरवत, तो व्यापार झाला. निहालाने तेच केलं की चोरी.

कॉर्निश भाषेची गोष्ट यानिमित्ताने आठवते. इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकावरच्या कॉर्नवॉलमधली ही भाषा मरायला टेकली होती. १७६८ मध्ये डेन्स बॅरिंग्टन नावाचा गृहस्थ ती बोलणाऱ्याच्या शोधात निघाला आणि त्याला डॉली पेंट्रीथ ही मासे विकणारी म्हातारी सापडली. तिला ही भाषा येतच नसेल, असा संशय तिच्यापुढे व्यक्त होताच ती भडकली आणि दोन-तीन मिनिटं कॉर्निशमध्ये तोंडसुख घेतलं. शेजारणी हसत होत्या. बॅरिंग्टनने विचारलं, ही मला शिव्या देत होती का? हो, अगदी मनापासून. डॉली १७७७ मध्ये वारली. पण कॉर्निशमध्ये मध्ययुगातली नाटकं लिहिलेली शिल्लक होती. त्यांच्या आधाराने हेन्री जेनरने १९०४ मध्ये शिकण्याचं पुस्तक काढलं आणि आज तिथे लोक संध्याकाळच्या वर्गात ‘ये’, ‘बस’, ‘चहा घे’ हे कॉर्निशमध्ये घोकतात.

निहालीजवळ जुनं नाटक नाही, लिपी नाही, शिलालेख नाही. तिच्याजवळ माणसं आहेत, एवढाच काय तो कॉर्निशहून वरचढपणा. आशा मुंडले यांचा शब्दसंग्रह १९९६ मध्ये आला, के. एस. नागराज यांचं सविस्तर पुस्तक २०१४ मध्ये म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थेने काढलं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून शैलेंद्र मोहन यांनीही काम केलं. सगळं इंग्रजीत. जामोदच्या शाळेतल्या मुलाच्या हाती पडेल असं मराठीत काय आहे?

दुसऱ्या खेपेला तोच म्हातारा बाजारात भेटला. मी वहीत उतरवलेला ‘जोप्पो’ भीतभीत म्हणून दाखवला आणि हाताने पेल्याची खूण केली. तो आधी चपापला, आजूबाजूला पाहिलं, मग तोंडावर गमछा धरून हसला. शब्द त्याने एकदा माझ्यासाठी सावकाश म्हटला. मी वही उघडून म्हटलं, अजून दोन-चार सांगता का? ‘बस’ला काय म्हणता, ‘थांब’ला काय? त्याने वहीकडे पाहिलं. “कायले पाहिजे तुमाले?” मला उत्तर सुचलं नाही. नातू मध्येच वऱ्हाडीत म्हणाला, “आबा, चाल ना, गाडी जाईन.” म्हातारा उठला.

वहीत अजून तेवढेच शब्द आहेत.