सुरकुत्या आणि भाकरी

सुरकुत्या काढण्याची शस्त्रक्रिया म्हटले, की 'श्रीमंतांचे चोचले' हा आपला शेरा तयार असतो. सुझान नोएल या फ्रेंच शल्यविशारद बाईंचे चरित्र तो मागे घ्यायला लावते.

त्यांचा जन्म १८७८ चा. प्रख्यात नटी सारा बर्नार्ड १९१२ मध्ये अमेरिकेत चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करवून परतल्या, ती वार्ता कळून नोएलबाईंचे कुतूहल चाळवले. पहिल्या महायुद्धात पॅरिसच्या व्हाल-द-ग्रास या लष्करी रुग्णालयात मोरेस्तां यांच्या हाताखाली त्यांनी जखमी सैनिकांचे चेहरे सांधले. पुढे तेच कसब बायकांच्या कामी आले. वय दिसू लागले म्हणून नोकरी गेलेल्या, वा जाईल या धास्तीने आलेल्या बायका त्यांत होत्या. कातडी चिमटीत धरून किती काढायची ते नोएलबाई आधी ठरवीत, छेद केसांच्या कडेला आणि कानापुढे दडवीत, भूलही तेवढ्या जागेपुरतीच. रुग्ण त्याच दिवशी घरी! आधीची-नंतरची छायाचित्रेही त्या जपून ठेवीत. १९२६ साली त्यांनी या शल्यकर्मावर ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच 'सामाजिक भूमिका' हे शब्द आहेत. फ्रेंच स्त्रियांना मताधिकार मिळाला तो १९४४ मध्ये, हे ध्यानी घेतले म्हणजे त्या शब्दांचे वजन कळते.

नुसती कातडी ताणली तर काही वर्षांत ती पुन्हा सैल पडते, ही त्या पद्धतीची मर्यादा. कातडीखालच्या स्नायुतंतूंच्या थराचे नेमके वर्णन मित्झ आणि पेरोनी या फ्रेंच शल्यविशारदांनी १९७६ मध्ये केले, आणि मग तो थरच उचलून बसवण्याची रीत रुळली. तोवर नोएलबाईंना जाऊन २२ वर्षे झाली होती.