शून्य दोन चार चार एक

आमच्या कडा गावाचा एसटीडी कोड ०२४४१, म्हणजे आष्टी तालुक्याचा. हे पाच आकडे मला आजही पाढ्यासारखे पाठ आहेत. पुढचे शून्य म्हणजे बाहेरगावी बोलायचे आहे, एवढी सूचना. नंतर यंत्र एकेक आकडा ऐकत वाट धरते : २४ नंतर १ आला तर नगर, ४ आला तर बीडकडे, त्यापुढे १ म्हणजे आष्टी, २ म्हणजे बीड, ६ म्हणजे अंबाजोगाई. कोड लांब, तर गावातला नंबर आखूड. आमचा सहा आकडी, मुंबईचा आठ. शून्य सोडले की दोन्हीकडे बेरीज दहाच. मला ही रचना फार न्यायाची वाटते.

देशात असा बाहेरगावी थेट फोन लावण्याची सेवा १९६० साली कानपूर-लखनौमध्ये सुरू झाली. आमच्या पिढीने ती एसटीडी बूथवर अनुभवली. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून तेव्हाच रांग लागे. घरी फोन नसलेले लोक शेजाऱ्याचा नंबर देत आणि पुढे ‘पी. पी.’ लिहीत. लग्नपत्रिकांवरसुद्धा! कारखान्यावर ऊस तोडायला गेलेल्यांचा निरोप त्या शेजाऱ्याच्या ओसरीवरच यायचा.

तुमच्या घरात असे कोड आणि ‘पी. पी.’ नंबर लिहिलेली जुनी फोनडायरी असेल, तर ती रद्दीत घालू नका.