गारवा कोणाच्या वाट्याचा?

वैशाखात वऱ्हाडात व्याख्यानाला बसणे हीच एक तपश्चर्या आहे. तेव्हा उन्हाविषयीच बोललेले बरे. घरे गार ठेवण्यास आणि सूर्याच्या उष्णतेवर पाणी तापविण्यास सरकारने मदत करावी, ही कल्पना नवी समजली जाते. आम्हांस ती जुनी वाटते.

१८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आला. पुढे उन्हाळा लागला की कचेऱ्यांच्या दारांना वाळ्याच्या ताट्या लागत. ताटीवर पाणी मारावे, कोरडा वारा त्यातून जावा, पाण्याची वाफ होताना हवेतील उष्णता खर्ची पडावी आणि आत गार झुळूक यावी, अशी ही युक्ती. कोकणच्या दमट हवेत ती चालत नाही. वऱ्हाडात उत्तम चालते. गवत, पाणी आणि वारा, याखेरीज तिला काही लागत नाही. खर्च सरकारी तिजोरीतून होई. मात्र पंख्याची दोरी ओढणारा माणूस व्हरांड्यात बसे. झुळूक भिंतीच्या आत राही.

रयतेचा गारवा तिचा तिनेच उभारला होता. धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत आणि मातीचे छत दुपारचे ऊन आत पोचू देण्यास संध्याकाळ करीत. पण धाब्याला दरवर्षी माती आणि मेहनत लागते. म्हणून पत्रा आला. तो गळत नाही, पण तापतो लगेच, आणि ती धग थेट खाली माणसांवर येते.

स्वराज्यात १९४८ चा कारखाने कायदा झाला. कामाच्या जागी मोकळी हवा असावी, भिंती आणि छप्पर असे असावे की उष्णता शक्य तितकी कमी राहील, असे त्याने सांगितले. अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी द्यावे, हेही सांगितले. कामगाराचा गारवा हा कायद्याचा विषय झाला, ही मोठी गोष्ट होय. तथापि पाळी संपवून तो घरी गेला की कायदा कारखान्याच्या फाटकाशीच थांबे.

१९७३ साली खनिज तेल भडकले आणि सरकारचे लक्ष सूर्याकडे गेले. १९८२ मध्ये केंद्रात अपारंपरिक ऊर्जेचा स्वतंत्र विभाग निघाला. १९८५ मध्ये महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण, म्हणजे ‘महाऊर्जा’, स्थापन झाले. सौर बंबाला प्रोत्साहन मिळाले. काळ्या पत्र्याखालील नळ्यांत पाणी तापते, हलके होऊन आपसूक वरच्या टाकीत चढते. जळण लागत नाही. कारखानदारांना घसाऱ्याची मोठी सूट मिळाली. ठाणे, पुणे यांसारख्या महापालिकांनी बंब बसविणाऱ्यांना मालमत्ता करात सवलत दिली. २०१० नंतर राष्ट्रीय सौर अभियानातून किमतीच्या सुमारे ३० टक्के अनुदान मिळे. ते २०१४ मध्ये थांबले. २०२४ च्या सूर्यघर योजनेत छतावरच्या वीजसंचाला ७८,००० रुपयांपर्यंत साहाय्य आहे.

या यादीचा हिशेब मांडून पाहा. घसारा त्याला, ज्याला नफा आहे. करसवलत त्याला, ज्याच्या नावावर घर आहे. संच त्याला, ज्याचे छत पक्के आहे. आमच्या पिंपळगाव राजात भाड्याच्या पत्र्याखाली राहणारा शेतमजूर, खामगावच्या बाजारात पोती वाहणारा हमाल, यांपैकी कशात बसतो? योजना बनविणाऱ्यांच्या मनात दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. मदतीची वाटच मालकाच्या दारावरून जाते.

निराळी वाटही आहे. २०१९ च्या राष्ट्रीय शीतन कृती आराखड्याने सर्वांना सुसह्य तापमान मिळावे हे उद्दिष्ट मान्य केले. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये शीत छताचे धोरण काढले आणि गरिबांसाठी सरकार बांधील त्या घरांवर ऊन परतविणारे छत सक्तीचे केले. पांढरा रंग वा चुन्याचा हात ऊन परत पाठवितो, हे वऱ्हाडात कोणाला शिकवावे लागत नाही.

तेव्हा मागणी साधी आहे. घरकुलाच्या आराखड्यात छताचा गारवा धरलेला असावा. आणि पत्र्याच्या घरांना दर फाल्गुनात चुन्याचा खर्च मिळावा, तोही भाडेकरूच्या हाती. ग्रामसभेत हा ठराव मांडावयास कोणाची ना नसावी. उन्हाळा दरवर्षी येतो. ठरावाने त्याच्या आधी यावे.