कलाशाळेचा ताळेबंद

महाविद्यालय बंद पडल्याची बातमी येते ती बहुधा शेवटच्या दिवसाची. ऱ्हासाला मात्र अनेक वर्षे लागतात. अमेरिकेतील 'आर्ट इन्स्टिट्यूट्स' ह्या कलाशिक्षण देणाऱ्या महाविद्यालय-साखळीचा इतिहास वाचताना आम्हांस असे दिसले की, तिचा ऱ्हास तिच्या भरभराटीच्या काळातच सुरू झाला होता, आणि त्याची पहिली खूण तिच्या नोकरवर्गाच्या रचनेत उमटली होती.

साखळीचे मूळ पिट्सबर्गमधील, १९२१ साली निघालेल्या एका खासगी कलाशाळेत आहे. पुढे १९७० साली 'एज्युकेशन मॅनेजमेंट कॉर्पोरेशन' ह्या कंपनीने ती विकत घेतली आणि शहरोशहरी शाखा काढल्या. १९९६ साली कंपनीचे समभाग बाजारात आले. २००६ साली गोल्डमन सॅक्स आणि अन्य गुंतवणूकदारांनी ३.४ अब्ज डॉलरना कंपनी खरेदी केली. २००९ साली ती पुन्हा बाजारात उतरली. २०१० च्या सुमारास तिच्या सर्व संस्थांत मिळून दीड लाखांहून अधिक विद्यार्थी होते.

नफा घेणारी शाळा ही काही तेव्हाची नवलाई नव्हती. बदलले ते नफ्याचे उगमस्थान. १९९८ च्या कायद्यान्वये अशा संस्थांना उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपर्यंतचा भाग केंद्र सरकारच्या विद्यार्थी-अनुदानातून आणि कर्जातून मिळवता येई. प्रवेश झाला की शुल्क संस्थेकडे येई. कर्ज फेडण्याचे उत्तरदायित्व विद्यार्थ्याच्या माथी राही. मग शिकवणाऱ्यापेक्षा प्रवेश मिळवून देणारा मोलाचा ठरला, ह्यात आश्चर्य ते काय?

अमेरिकी सिनेटच्या समितीने २०१२ साली ह्या क्षेत्रातील ३० कंपन्यांचा अहवाल प्रसिद्ध केला. २०१० साली त्या कंपन्यांत प्रवेश मिळवणारे ३५,२०२ कर्मचारी होते, तर विद्यार्थ्यांना नोकरी शोधून देण्यास साहाय्य करणारे अवघे ३,५१२. अध्यापकांपैकी सुमारे ८० टक्के अर्धवेळ होते. आपल्याकडे 'तासिका तत्त्वावर' हा शब्दप्रयोग ज्यांनी अनुभवला आहे, त्यांना ह्या आकड्याचा अर्थ निराळा सांगावयास नको.

प्रवेशांच्या संख्येवर कर्मचाऱ्यांना मोबदला देण्यास १९९२ पासून कायद्याने मनाई होती. ती मोडली जात असल्याचा दावा २००७ साली न्यायालयात नेला, तो कंपनीत काम केलेल्यांनीच. २०११ साली सरकार त्यात सामील झाले. कंपनीने आरोप नाकारले, पण २०१५ साली ९.५५ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. ह्या प्रसंगाकडे आम्ही मुद्दाम लक्ष वेधतो. प्रवेश विभागातले सारेच लोभी आणि वर्गातले सारेच सत्त्वशील, अशी सोपी विभागणी करता येत नाही. साखळीच्या कारभाराविरुद्ध पहिली साक्ष त्या कारभारात राबलेल्यांचीच होती.

पुढची वर्षे ओहोटीची. विद्यार्थी घटले. २०१५ साली पंधरा शाखा टप्प्याटप्प्याने मिटवण्याचे जाहीर झाले. अशा शाखेत नवे प्रवेश थांबतात, आणि असलेले विद्यार्थी बाहेर पडेपर्यंत वर्ग चालतात. तेथील अध्यापकाची अवस्था विलक्षण म्हटली पाहिजे. तो जितक्या निष्ठेने शेवटची तुकडी उत्तीर्ण करील, तितक्या लवकर त्याचे स्वतःचे काम संपणार. तरीही रेखाटनाचे आणि छायाचित्रणाचे तास व्हावेच लागतात.

२०१७ साली लॉस एंजलिसच्या 'ड्रीम सेंटर' ह्या धर्मादाय संस्थेने साखळी घेतली. २०१८ च्या जानेवारीत इलिनॉय आणि कोलोरॅडो येथील संस्थांची मान्यता निसटली. विद्यार्थ्यांना मात्र ते कित्येक महिने कळू दिले गेले नाही. २०१९ च्या आरंभी कारभार न्यायालयाने नेमलेल्या व्यवस्थापकाकडे गेला, आणि त्याच वर्षी पिट्सबर्गची मूळ शाळाही मिटली. उरलेल्या आठ शाखा ३० सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाल्या. त्याची सूचना जेमतेम आठवडाभर आधी मिळाली.

मे २०२४ मध्ये अमेरिकी शासनाने साखळीच्या सुमारे ३,१७,००० माजी विद्यार्थ्यांचे ६.१ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले. फसवणूक झाली हे शासनाने मान्य केले, आणि ते न्याय्यच होते. मात्र हा हिशेब कर्जाचा होता. त्यात अध्यापकांसाठी रकाना असणे शक्यच नव्हते. ज्या संस्थेचे नाव त्यांच्या अनुभवपत्रावर कायमचे राहणार, ते नाव आता फसवणुकीशी जोडले गेले. त्यांनी प्रामाणिकपणे शिकवलेल्या तासांची नोंद कोठे लागावी, हा प्रश्न उरतोच.

म्हणून शिक्षणसंस्थांचा इतिहास लिहिताना स्थापनादिन, इमारती आणि विद्यार्थिसंख्या ह्यांच्यावर भागू नये, असे आम्हांस वाटते. मस्टरही पाहावे. किती माणसे शिकवण्यासाठी नेमली, किती गिऱ्हाईक आणण्यासाठी, आणि शिकवणाऱ्यांपैकी किती जणांना पुढच्या सत्राची शाश्वती होती, एवढे त्यावरून कळते. आर्ट इन्स्टिट्यूट्सच्या बाबतीत ते २०१० सालीच कळण्याजोगे होते.