धनादेशाची मुदत
धनादेश (चेक) त्यावर लिहिलेल्या तारखेपासून तीन महिन्यांपर्यंतच वटतो. पूर्वी ही मुदत सहा महिने होती. मुदतीतले धनादेश रोकडीसारखे हातोहात फिरू लागल्याने रिझर्व्ह बँकेने ती १ एप्रिल २०१२ पासून निम्म्यावर आणली. डिमांड ड्राफ्ट आणि पे ऑर्डर यांनाही तोच नियम आहे. कॉसमॉससारखी सहकारी बँक असो वा महाराष्ट्र बँक, मुदत सारखीच. त्यामुळे कर्वेनगरातल्या सोसायटीच्या खजिनदाराने देखभालवर्गणीचे धनादेश कपाटात साठवू नयेत हे बरे. पुढची तारीख घातलेल्या धनादेशाची मुदत त्या पुढच्या तारखेपासून मोजतात. शिळा धनादेश परत आला म्हणून मूळ देणे बुडत नाही. देणाऱ्याने तारीख बदलून सही केल्यास तो पुन्हा चालू शकतो. धनादेशावर इतर खाडाखोड मात्र चालत नाही. परक्राम्य लेख अधिनियम, १८८१ च्या कलम १३८ खाली फौजदारी तक्रार करायची, तर धनादेश मुदतीत बँकेत भरलेला असावा लागतो. तारीख राष्ट्रीय शक दिनदर्शिकेनुसार लिहिली तरी चालते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. धनादेश शिळा आहे का, हे बँक तिच्याशी जुळणारी इंग्रजी तारीख काढून ठरवते.